सिंधूकाकूंची नापास भुतं

आमच्या शेजारच्या सिंधूकाकू रोज दुपारी जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की चटई टाकून टीव्हीसमोर बसतात आणि भुतं तपासतात. मारतात असं मी मुद्दाम म्हणत नाही. मारणं हे त्यांच्या लेखी सावकाशीचं काम. आधी तपासायचं, मग निकाल द्यायचा, आणि निकाल बहुतेक वेळा एकच असतो. "नापास."

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातली वाटी खाली पडली. विरजण मागायला गेले होते. वाटलं, काकू जरा आडव्या झाल्या असतील, नाहीतर तांदूळ निवडत असतील. तर टीव्हीवर एक ओसाड इस्पितळ, भिंतींवर रक्ताचे ओघळ, आणि अर्धं तोंड सडलेला एक माणूस पाय ओढत थेट आमच्याकडे येतोय. काकूंच्या नाकावर चष्मा, पदर खोचलेला, हातात खेळाचं ते दोन शिंगांचं रिमोट. मी किंचाळले. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब वो, येऊ दे त्याले जवळ. पायते काय करते तं," म्हणाल्या. तो आला, अंगावर पडला, टीव्हीभर लाल झालं. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"तोंड पाहून भेव लागत असतं, तर सानगडीच्या बाजारात कोणी आलंच नसतं," त्या म्हणाल्या. "नापास."

आता मला सांगा, साठी उलटलेली बाई, एकादशी चुकवत नाही, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि तिने हे करावं? मी विरजण न घेताच घरी आले. रात्री आमच्या ह्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी दुपारी झोपेत काहीतरी पाहिलं.

टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा मुळात जावईबापूंचा. काकूंची लेक ज्योती नागपूरला असते. गेल्या दिवाळीला तिचा नवरा आला तो डबा काखोटीला मारून. गडी भरदार, मिशा अशा की समोरच्याने आधी मिशांनाच नमस्कार करावा. काकू आत चकल्या तळत होत्या आणि बाहेर हा खेळत होता. एकाएकी "आई गं" असा टाहो आला. काकू झारा घेऊनच धावल्या. बघतात तर टीव्हीवर काहीच नाही. एक लांबलचक बोळ आणि टोकाला अर्धवट उघडं दार. कुठे आहे भूत, काकूंनी विचारलं. जावईबापू घाम पुसत म्हणाले, "भूत अजून आलंच नाही, आई." त्या लाजेने की कशाने, जाताना ते डबा इथेच विसरले आणि नंतर त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

डबा कपाटावर पडून होता. काकूंनी तो खाली काढला पौषात, आणि हेच कोणाला पटलं नाही, कारण पौषातच तुळशीरामकाका बोडीत, म्हणजे तळ्यात, सापडले होते.

तुळशीरामकाका म्हणजे काकूंचे यजमान. एके काळी शंकरपटात त्यांची बैलजोडी सुटली की शर्यत पाहायला आलेली माणसं झाडावर चढायची. करडीपासून दिघोरीपर्यंत त्यांच्या बैलांना लोक नावानिशी ओळखायचे. आता काकांना स्वतःचंच नाव कोणीतरी सांगावं लागतं. हळूहळू विसरत गेले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग लेकीचं नाव. दिवसा बरे असतात, दुपारी जेवून गाढ झोपतात. दिवेलागणीला मात्र जीव उडाल्यासारखे करतात, दारांकडे बघत राहतात. त्या पौषातल्या संध्याकाळी ते घरातून निघून गेले. सारी आळी शोधायला लागली. शेवटी जाळी आवरणाऱ्या ढीवरांनी पाहिलं, काका गावाबाहेरच्या बोडीत कमरेइतक्या पाण्यात थरथरत उभे होते. त्यांनीच त्यांना खांद्यावर घालून आणलं.

ज्योती दुसऱ्या दिवशी आली. रडली, आईवर चिडली, पुन्हा रडली. पण जाताना तिने ठाम सांगितलं की बाबा आणखी एकदा जरी असे पळाले तर मी त्यांना नागपूरला नेणार. अशा माणसांना सांभाळणारी जागा तिने पाहून ठेवली होती. चूक तिचीही नव्हती. काकू मान खाली घालून हो म्हणाल्या. आणि आठ दिवसांच्या आत त्यांनी स्टुलावर चढून तो डबा खाली काढला आणि जावयाला फोन करून कोणतं बटण कशाचं ते विचारून घेतलं!

आळीने काय म्हणावं? नवरा असा, आणि ही भुतं खेळत बसलीय. म्हाताऱ्याचं म्हातारीलाही लागलं, असं नळावर उघड बोलायला लागले. मीही बोलले. काकू माझ्या कितीही लाडक्या असल्या तरी मला ते पाहवत नव्हतं.

पण मला तिथे रोज बसावं लागायचं, कारण काकू बोलवायच्या. मी घरीच ब्लाऊज शिवते. काकू कुंपणावरून हाक मारायच्या, "मंगला, हूक लावायचे असन तं इथंच घेऊन ये वो, च्या ठेवला." मला वाटायचं किती जीव लावतात. आणि बसवायच्या कशाला, तर ती भुतं बघायला. मी आमच्या आळीतली पहिल्या नंबरची भेकड बाई. पालीला भिते, फटाक्याला भिते, कुकरच्या शिट्टीलाही दरवेळी उडते. काकू एका हाताने खेळायच्या आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून ठेवायच्या. हुकाची सुई बोटात घुसेपर्यंत मी घाबरले की लगेच खेळ थांबवून विचारायच्या, "आता काहून भेली तू? नेमकं कायले भेली?"

एकदा खिडकीची काच फोडून कुत्रा आत पडला. माझ्या हातातला ब्लाऊज छताला लागला. काकूंनी नाडी पाहिली आणि मान हलवली. म्हणाल्या, "हा दचका झाला. दचका वेगळा, भेव वेगळं. कुकर वाजला तरी तू दचकते, म्हणून काय कुकर भूत झाला?"

असे एकेक निकाल. एका खेळात नायकाच्या पाठीवर इतक्या बंदुका होत्या की काकूंना त्या भुतांचीच दया आली. यानं सारा कारखाना खांद्यावर घेतला, आता भुतानंच घरी जावं, म्हणाल्या. गोळ्या कमी असल्या तर बरं, असंही त्यांचं मत, पण त्यांच्यापुढे तेही चालेना, कारण काकू गोळ्या वापरतच नाहीत. अडीनडीला लागतील म्हणून ठेवतात. औषधं, पट्ट्या, दिव्याचे सेल, सगळं पेटीत नीट लावलेलं. एक खेळ संपला तेव्हा त्यांच्याजवळ अर्धं औषधांचं दुकान शिल्लक होतं. शेवटच्या राक्षसाला त्यांनी नुसतं गोल गोल पळवून दमवलं. मेलं की पुन्हा त्याच दारात उभं राहता येतं, हेही त्यांना आवडलं नाही. एकदा परत येता येते म्हटल्यावर माणूस भेईन कायले, असं म्हणून त्यांनी त्या खेळाचे निम्मे मार्क कापले.

पास झालेलं भूत मी एकच पाहिलं. एक रिकामी शाळा होती. भूत दिसायचंच नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालायचं, आपण थांबलो की थांबायचं, बस. माझे हातपाय गार पडले. काकूंनी विचारलं काहून, तर मला सांगता येईना. एवढंच म्हणाले, ते कोण आहे ते कळत नाही, आणि आपल्याला ते पाहून राहिलं आहे. काकूंनी रिमोट मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "कोण आहे ते समजत नाही. हे खरं भेव." तेवढंच एक पास. पुढे ते भूत समोर आलं, पांढऱ्या झग्यातली पोरगी निघाली, आणि काकूंनी दिलेले मार्क परत घेतले.

त्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे त्या इस्पितळातली एक लहानशी खोली. तिथे कंदील होता, पेटी होती, आणि आत शिरलं की एक साधी हळू धून वाजायची. त्या खोलीत भूत यायचं नाही. काकू दुपार दुपार तिथेच बसायच्या. या खोलीत भेव काहून लागत नाही सांग, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भूत येत नाही म्हणून. काकूंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, भूत येणार नाही हे आपल्याला आत शिरताना कुठे माहीत असतं? पण इथे आलं की दरवेळी तेच गाणं लागते, त्यानं बरं वाटते. पुढे मी पाहिलं, भाकरी थापताना, अंगण झाडताना, काकांना भरवताना काकू तीच धून गुणगुणायला लागल्या.

इथपर्यंत ठीक होतं. उन्हाळा लागला आणि काकूंचं डोकं खरंच फिरलं असं मला वाटायला लागलं.

आधी त्यांनी घरभर मोठे दिवे लावले आणि भर दुपारी ते जळत ठेवायला लागल्या. मग भिंतीवरचा आरसा काढून माझ्या घरी आणून ठेवला, म्हणाल्या वापर. मग सुताराला बोलावून स्वयंपाकघराचं आणि मधल्या खोलीचं दार बिजागरीतून काढून घेतलं. सुतारही चक्रावला. नवीन दार बसवायचं का म्हणाला, तर म्हणे नाही, नुसतं काढ. बाहेरचं आणि मागच्या सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, अशी दोनच दारं उरली. मग माझ्याकडे पोपटी रंगाचं एक अख्खं ठाण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सारे ब्लाऊज याचेच शिव. मी आठवणीने सांगितलं की काकू, तुमच्याकडे पोपटी साडी एकच आहे. तर म्हणाल्या, आता साऱ्या पोपटीच घेतल्या.

आणि घुंगरं! काकांच्या पटाच्या बैलांची घुंगरमाळ माळ्यावर होती. ती काकूंनी खाली काढली, चिंचेने घासली, तिचा एक तुकडा तोडला आणि स्वतःच्या पायात बांधला. मी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मशीनवर बसलेली असताना पलीकडून छन छन आवाज यायचा आणि पाठोपाठ काकूंचा, "सिंधू येऊन राहिली, सिंधू." स्वतःच्याच घरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना! माझे डोळे पांढरे व्हायची पाळी आली. पोस्टमन तर दारातूनच कागद टाकून पळाला.

शेवटी मी बोलले. म्हटलं काकू, सारं गाव हसून राहिलं आहे. काकू पोहे भिजवत होत्या. हसू दे, म्हणाल्या, हसणारा माणूस भेत नाही. मला राग आला. एवढ्या शहाण्या बाईला आपल्या घरात काय चाललं आहे ते दिसू नये? काकांच्या एका पळण्यावर सगळं टांगलेलं, ज्योतीचा दर दोन दिवसांनी फोन, आणि ही पायात घुंगरू बांधून नाचते आहे, असं मी घरी येऊन ह्यांच्याजवळ फणफणले. ह्यांनी पेपर खाली केला नाही.

मग तो वैशाखातला वादळाचा दिवस आला. धुळीने आभाळ भरून गेलं, आमचं एक कौल उडालं, आणि दिवेलागणीलाच साऱ्या गावातली वीज गेली. मी खिडक्या लावत होते तेवढ्यात पलीकडून काकांचा आवाज आला. असा आवाज मी त्या टीव्हीतही ऐकला नव्हता. "बाई आहे! घरात कोणीतरी बाई आहे!"

चोर, माझ्या मनात आलं. मी एरवी पालीला भिणारी, पण त्या दिवशी कशी कोण जाणे, मोबाईलचा दिवा लावून धावले आणि धाडकन आत शिरले. मधल्या खोलीत काळोख. काका सांदवाडीच्या दारापाशी, कडीवर हात, सगळं अंग लटलटतंय. कडी अर्धी सरकलेली. त्या दाराबाहेर वादळ, आणि वादळाच्या पलीकडे बोडी. मी बाई शोधायला दिवा इकडेतिकडे फिरवला. काका मला पाहून आणखीच किंचाळले.

"तोंडावरचा उजेड काढ, मंगला," काकूंचा आवाज आला. खालून आला. काकू भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसल्या होत्या, दारापासून दूर, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. "खाली बस. त्यायच्या आणि दाराच्या मधात नको येऊ."

मी मटकन बसले, दिवा जमिनीकडे केला. कुजबुजत विचारलं, कुठे आहे ती बाई?

"मीच वो," काकू म्हणाल्या. "रोज दिवेलागणीले मीच असते ती. त्या दिवशी ते बोडीवर नव्हते गेले. माह्यापासून पळाले होते."

आयुष्यात मी एवढी कधी हादरले नसेन. मी शेजारीण, मध्ये फक्त एक कुंपण, आणि मला हे माहीत नव्हतं. ती बंद दारं, अवचित आरशात दिसणारं तोंड, मागून येणारी पावलं, कोण आहे ते न कळणारं, रोज नव्या रंगात दिसणारं माणूस. इतक्या दुपारी माझं मनगट धरून ही बाई भुतं शिकत होती, ती कशी होऊ नये हे शिकायला! चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याच घरात आपल्याच माणसाला आपण भूत वाटणं म्हणजे काय, याची मला तिथे बसल्या बसल्या कल्पनाही करवेना.

काकूंनी पाय हळूच हलवला. छन. थोडं थांबून पुन्हा. मग ती इस्पितळातली धून, अगदी बारीक आवाजात. काकांचा हात कडीवरच होता, पण मान वळली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सिंधू," काकू म्हणाल्या.

"सिंधू घरी नाही," काका म्हणाले. "ते माहेरी गेली, दिघोरीले."

मी काकूंकडे पाहिलं. खालच्या उजेडात त्यांचं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी आवाज जराही हलू दिला नाही. म्हणाल्या, "मंग ते येतवरी मी इथंच बसू का जी?"

काकांनी विचार केला. "बसा. पण दूरच बसा."

"दूरच आहो."

बाहेर पत्रे वाजत होते. काकांचा हात कडीवरून खाली आला. आता ते दाराला पाठ लावून टेकले, आणि पाहुणीशी बोलावं तसं बोलायला लागले. सिंधू लहान आहे, म्हणाले. तिला अंधाराचं फार भेव. नवीन लग्न झालं तेव्हा काका शंकरपटावरून रात्री परतायचे आणि तिने दार उघडायच्या आधीच रडायला सुरुवात केलेली असायची, कोण आलं म्हणून.

"म्हणून मी आळीच्या तोंडापासूनच बैलाईचे घुंगरू वाजवत येतो," काका म्हणाले. "म्हणजे तिले समजते, आपलाच माणूस येऊन राहिला. अचानक नाही जावं कोणापाशी. भेते ना माणूस."

काकूंचा पाय थांबला. मी तोंडात पदर कोंबला. एवढे दिवस मला वाटत होतं की ती घुंगरं काकूंच्या डोक्यातून आली, आणि ती खूण तर काकांचीच होती, नव्या नवरीसाठी वाजवलेली.

मग वीज आली. सगळे मोठे दिवे एकदम लागले. ना दारं, ना आरसा, ना कुठे सावली. पोपटी साडीतल्या काकू जमिनीवर बसलेल्या, पायात बैलाची घुंगरं. काकांनी डोळे चोळले आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी देवाला हात जोडले की एवढ्या बोलण्यावर तरी ओळख पटू दे. पटली नाही. मी पाहत होते, नाहीच पटली.

काकूंनी जागचं न हलता विचारलं, "माह्यं भेव लागलं का जी तुमाले?"

"नाही जी," काका म्हणाले. "तुमचं कायचं भेव? तुमी तं चांगल्या घरच्या दिसता." आणि खाटेवर जाऊन बसले, सिंधू येईपर्यंत वाट पाहायला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तोंडावर हसू असं की शाळेत पहिली आलेल्या पोरीच्याही नसेल.

"ऐकलं का वो, मंगला?" त्या म्हणाल्या. "मी नापास."